नवसाबाईनं काहीच मागितलं नाही

नवसाबाईच्या मनगटावर पहिला पांढरा डाग उठला तेव्हा तिची चैताली पाळण्यात होती. मुगाच्या डाळीएवढा डाग. दिवस द्राक्षाच्या डिपिंगचे होते. मांडवाखाली हात वर करून एकेक घड औषधाच्या मगात बुडवायचा, सकाळपासून दिवस मावळेपर्यंत. औषध लागलं असेल म्हणून सासूनं खोबरेल चोळलं. पुढच्या छाटणीपर्यंत दोन्ही हात कोपरापर्यंत पांढरे झाले आणि ओठाच्या कडेलाही एक डाग उतरला.

निफाड तालुक्यातलं कादवेकाठचं गाव. कोड म्हणजे काय हे गावाला ठाऊक होतं, पण ते दुसऱ्याच्या घरी असतं अशी गावाची समजूत होती. मग उपाय सुरू झाले. बावचीच्या बिया वाटून लेप लावायचा आणि उन्हात बसायचं. त्यानं फोड आले, फुटले, डाग होते तिथंच राहिले. कुणी दूध बंद करायला लावलं, कुणी मीठ. कुठल्या बाबाचा अंगारा, कुठल्या कुंडाची अंघोळ. सासूनं तिला एवढं हिंडवलं की नवसाबाई पुढं हसून म्हणायची, "मला सगळा जिल्हा कोडानंच दाखवला."

शेवटी एक दिवस ती एकटीच एसटीत बसून नाशिकला गेली आणि कातडीच्या डॉक्टरीणबाईंना भेटली. त्यांनी तिचे हात स्वतःच्या हातात घेऊन नीट पाहिले. हा आजार कुणाला लागत नाही, तुम्ही काही पाप केलेलं नाही, औषधानं रंग थोडाफार परत येईल किंवा येणारही नाही, फक्त उन्हाला जपा, ही कातडी लवकर भाजते, असं सांगितलं. नवसाबाई घरी आली, अंगाऱ्याच्या पुड्या चुलीत घातल्या आणि सासूला म्हणाली, "झालं. आता मी बरी व्हायला कुठं जायची नाय."

तिनं ठरवलं म्हणून गावानं ठरवलं असं थोडंच होतं? हळदीकुंकवाला बायका तिच्या कपाळाला कुंकू लावायच्या ते बोट न टेकवता, वरून भुरभुरल्यासारखं. पंगतीत तिच्या शेजारची जागा सगळ्यात उशिरा भरायची. तिनं लांब बाह्यांची ब्लाउजं शिवून घेतली आणि तीच घालू लागली. ऊन लागू नये म्हणून, असं ती सांगायची. ते अर्धंच खरं होतं.

गावाजवळच्या एका पॅकहाउसमध्ये ती द्राक्षांची प्रतवारी करायची. तिथं सगळ्याच बायकांच्या हातात मोजे, डोक्याला टोपी, त्यामुळं तिला ती जागा आवडायची. एकदा परदेशातले खरेदीदार येणार होते. सुपरवायझर सकाळीच तिच्यापाशी येऊन हळू आवाजात म्हणाला, "मावशी, आज जरा मागच्या शेडमध्ये बसा. ते लोक जाईपर्यंत."

नवसाबाईनं मोजे काढून टेबलावर ठेवले. "घड निवडायला माझे हात चालतात आणि दाखवायला नाय चालत?" असं म्हणून ती बाहेर पडली ती परत गेलीच नाही. त्याच वर्षी तिनं बागांची छाटणी आणि घडातले जादा मणी काढायची विरळणी करणारी बायकांची स्वतःची टोळी बांधली. ती मुकादम. बागाईतदार सुरुवातीला कचरले, पण तिच्या टोळीनं केलेली विरळणी पाहिल्यावर तेच दारात येऊन तारखा मागू लागले. दरसाल चैत्रात ती टोळीतल्या बायकांना घेऊन सप्तशृंगीच्या गडावर पायी चढायची. खालून वर नेणारी रुळांवरची ट्रॉली सुरू झाली तरी ती पायऱ्यांनीच जायची.

तिचा नवरा पुंजाराम कांद्याचा ट्रॅक्टर चालवायचा. शेतातून कांदा भरायचा आणि लासलगावच्या मार्केटला लिलावाच्या रांगेत लावायचा. सरळ माणूस. बायकोला तो कधी उणं बोलला नाही, पण तिच्या बाजूनं चारचौघांत त्यानं तोंडही कधी उघडलं नाही. कुणी काही बोललं की तो खाली बघून तंबाखू मळत बसे.

चैताली बी.एस्सी. होऊन नाशिकला एका लॅबमध्ये नोकरीला लागली आणि तिला येवल्याकडचं स्थळ आलं. मुलगा नवनाथ, कॉलेजात तिच्या एक वर्ष पुढं होता. दोघांची आधीपासूनची ओळख, दोघांचं मन होतं. बघण्याचा कार्यक्रम झाला, पोहे झाले, सगळं ठीक होतं. चार दिवसांनी मुलाची आई साळूबाई हिचा फोन आला, तोही नवसाबाईला नाही, तिच्या थोरल्या जावेला, लताबाईला.

लताबाई गावातलं मोठं प्रस्थ. भजनी मंडळ तिचं, बचत गट तिचा. ती संध्याकाळी घरी आली आणि ओसरीवर बसून घेत म्हणाली, "साळूबाईंचं म्हणणं, मुलगी पसंत हाय. पण आईचं ते पोरीत उतरलं तर? त्यांच्या भावकीत चर्चा होऊ राहिली. त्या म्हणत्या, काहीतरी करा, मग तारीख धरू."

"काय करू?" नवसाबाईनं विचारलं.

लताबाईनं ते ठरवूनच आणलं होतं. हिमाचलात मणिमहेश म्हणून शंकराचं ठिकाण आहे, डोंगरात तेरा हजार फुटांवर तळं आहे. निफाडचा ज्ञानेश म्हणून यात्रा कंपनीवाला भाद्रपदाच्या सुमारास गट घेऊन चालला होता. त्या पाण्यात अंघोळ केली की अंगावरचं सगळं जातं, असं ज्ञानेशनंच सांगितलं होतं. "तू नवस बोल, अंघोळ कर. साळूबाईंनी हे ऐकूनच होकार दिला बघ. मी येते ना तुझ्यासंगं."

पुंजाराम खाली बघत होता. सुट्टीला आलेली चैताली दारात उभी होती, डोळ्यांत आशा. नवसाबाईनं तिच्याकडं एकदा पाहिलं आणि म्हणाली, "जाते."

इतक्या चटकन हो येईल असं कुणालाच वाटलं नव्हतं.

"पण मागायला नाय जायची," ती पुढं म्हणाली. "माझं नावच नवसाचं. माझ्या आईनं देवाला एकदा मागून घेतलं, तेवढं पुरे. मी बघायला जाते."

"बघायला म्हणजे?" लताबाईनं विचारलं.

"बघायला म्हणजे बघायला. गडाचं सोडलं तर आजवर जिथं गेले तिथं कोड घेऊन गेले, आन् ते घालवायलाच गेले. डोंगर कधी डोंगर म्हणून बघितला नाय. ऑक्टोबर छाटणीला अजून वेळ हाय. टोळीला चार दिवस काम नाय. जाते."

लताबाई नुसती हसली. तिथं गेल्यावर मागेलच, असा तिचा हिशोब होता.

मनमाडला झेलम एक्सप्रेस धरली. गट दोन डझन माणसांचा, निफाड-चांदवडकडचा, बहुतेक बायका. डब्यात सगळ्यांनी डबे उघडले, धपाटे आणि दशम्या एकमेकींच्या हातात फिरू लागल्या. नवसाबाईनं शेंगदाण्याच्या चटणीचा डबा पुढं केला. "पोट भरलं हो," असं एकेकीनं म्हटलं आणि तो डबा न उघडताच तिच्याकडं परत आला. तिनं तो उघडला, मांडीवर घेतला आणि चटणी भाकरीशी शांतपणे खाल्ली. खिडकीतून खानदेशातल्या केळीच्या बागा पळत होत्या. बाकीच्या बायका पत्ते काढून बसल्या, ही सगळा वेळ बाहेर बघत राहिली.

पठाणकोट, चंबा, भरमौर. गाडी वळणावळणानं चढत होती आणि खाली रावी नदी गढूळ फेसाळत होती. हडसर गावात गाडीरस्ता संपला. तिथून पुढं दोन दिवसांचा पायी चढ. तिथं वैद्यकीय तपासणी झाली. लताबाईचा रक्तदाब वाढलेला निघाला, म्हणून तिनं घोडा केला. आणखी काही जणींनी केला. ज्ञानेश नवसाबाईला म्हणाला, "मावशी, तुम्ही पण घोड्यावर बसा. तुम्हाला वर नीट पोचवणं गरजेचं आहे."

"मलाच का?"

ज्ञानेश जरा घुटमळला. मग त्यानं मनातलं सांगून टाकलं. त्याला तिचा व्हिडिओ करायचा होता. आधीचे हात, मग तळ्यातली अंघोळ, मग महिन्याभरानं परत हात. "लोकांची श्रद्धा वाढते, मावशी. पुढच्या वर्षी दोन गाड्या भरतील."

"आणि नाय गेलं कोड तर?"

"जाणार ना! मनापासून मागायचं."

"पायी येते मी," नवसाबाई म्हणाली आणि काठी उचलून चालू लागली.

चढ खडा होता. पाऊस अधूनमधून येई आणि वाटेवर घोड्यांच्या लिदीचा चिखल होई. पण ती वर्षभर उभ्यानं काम करणारी बाई, पायांत दम होता. श्वास लागला की थांबायची, मागं वळून दरीत बघायची. धबधबे एवढ्या उंचावरून पडत होते की पाणी खाली पोचेपर्यंत धूर झाल्यासारखं दिसे. वाटेत लंगर होते, यात्रेकरूंना फुकट जेवू घालणारे मंडप. तिथं कुणीही कुणाचे हात न बघता राजमा-भाताची ताटं पुढं करत होतं. एका लंगरातल्या म्हातारीनं चहाचा पेला देताना तिची बोटं पाहिली, स्वतःच्या दोन्ही तळव्यांत धरली आणि "ठंडी लग गई?" असं विचारत चोळू लागली. तिला ती बोटं गारठून पांढरी पडलेली वाटली. नवसाबाईनं हात काढून घेतला नाही, चहा मात्र गार होऊ दिला.

वाटेतल्या धंचो या ठिकाणी तंबूत मुक्काम करून दुसऱ्या दिवशी दुपारी ते गौरीकुंडापाशी पोचले. वरच्या मोठ्या तळ्याच्या थोडं अलीकडं हे लहान कुंड, बायकांच्या अंघोळीचं. पुरुष तिकडं जात नाहीत. गटातल्या बायका कुडकुडत कपडे बदलू लागल्या. नवसाबाईनं पिशवी खाली ठेवली, तेवढ्यात लताबाई तिच्याजवळ आली. आवाज मऊ होता.

"नवसा, तू जरा थांब. आमचं सगळ्यांचं होऊ दे, तू शेवटी कर."

"का?"

"बायका बोलू राहिल्या. पाणी एकच हाय ना. तू मनाला लावून घेऊ नको."

नवसाबाई तिच्याकडं बघतच राहिली. मागं चार-पाच जणी पाठ करून उभ्या होत्या, पण कान इकडंच होते.

"बाई, एक सांगा मला," ती म्हणाली, आणि तिनं आवाज मुद्दाम खाली घेतला नाही. "ह्या पाण्यानं माझं कोड जाणार म्हणून तुम्ही मला इथवर आणलं. आणि माझ्या कोडानं हे पाणी बाटणार म्हणून मला शेवटी ठेवू राहिल्या. दोन्ही खरं कसं असंल? पाणी माझ्यापेक्षा मोठं असंल तर मला भिऊ नका. आणि माझं कोड त्याच्यापेक्षा मोठं असंल, तर तुम्ही तरी कशाला बुडी मारता?"

लताबाईनं पदर सावरत मागच्या बायकांकडं बघितलं.

नवसाबाईनं लांब बाह्यांचं ब्लाउज काढलं. ज्या बायकांनी प्रवासभर तिची फक्त बोटं पाहिली होती, त्यांनी आता खांद्यापर्यंतचे हात पाहिले, पाठ पाहिली. नकाशासारखी पसरलेली पांढरी बेटं. ती लपवत नव्हती आणि दाखवतही नव्हती. परकर छातीशी बांधून ती सगळ्यांच्या आधी पाण्यात उतरली आणि डोक्यासकट बुडाली.

पाणी असं होतं की अंगात खिळे ठोकल्यासारखं वाटलं. ती वर आली तेव्हा तिच्या तोंडून किंचाळी निघाली, आणि त्या किंचाळीचं तिला स्वतःलाच हसू आलं. ती मोठ्यानं हसली. पुन्हा बुडाली. पलीकडच्या काठावर कुठल्याशा दुसऱ्या गावच्या, पंजाबकडच्या बायका होत्या, त्याही हसल्या आणि धडाधड पाण्यात उतरल्या. निफाडच्या बायका काठावरच उभ्या. मग चांदवडची एक तरुण सून सासूकडं न बघता पुढं आली आणि नवसाबाईच्या शेजारी उतरली. बाकीच्यांनी नंतर पाय भिजवले, तोंडावर शिंतोडे घेतले. लताबाईनं तेवढंही केलं नाही.

तिथून वरचं तळं फार लांब नव्हतं. दगडांच्या मधोमध वाटीसारखं पडलेलं करडं-हिरवं पाणी, काठाला त्रिशुळांची दाटी, उघड्यावरच शंकराची मूर्ती. समोर मणिमहेश-कैलासाचं शिखर असतं म्हणतात, पण ते ढगात होतं. पापी माणसाला ते दिसत नाही अशी समजूत आहे. लताबाई कुणाला तरी ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाली, "मनात श्रद्धा नसली की असंच व्हतं. एकीमुळं सगळ्यांना दिसंना."

"तुम्हाला तरी कुठं दिसला?" नवसाबाई म्हणाली आणि पुढं गेली.

ज्ञानेश मोबाईल घेऊन तयारच होता. "मावशी, खाली अंघोळ झाली ना? आता इथं पाण्याशी बसा, हात पुढं करा आणि देवाला मागा. मोठ्यानं म्हणा, म्हणजे आवाज येईल."

ती पाण्याशी बसली. बाह्या कोपरापर्यंत वर सारल्या, हात पुढं केले. ज्ञानेश खूश झाला. तिनं थेट मोबाईलकडं बघितलं.

"मी नवसाबाई. निफाड तालुका. माझ्या अंगावर कोड हाय. ते घेऊन मी एवढा डोंगर पायी चढले आणि ते घेऊनच खाली उतरणार हाय. देवाकडं मी काही मागितलं नाय. त्यानं असं बनवलं असंल तर त्याला माहीत हाय, आन् त्यानं बनवलं नसंल तर त्याला सांगून उपेग नाय. हे तळं लय सुंदर हाय. ज्याला यायचं त्यानं बघायला यावं. बास, बंद कर."

ज्ञानेशनं मोबाईल खाली घेतला. "मावशी, हे असं नाही चालत."

"मला चालतं," ती म्हणाली. मग ती तिथंच एका दगडावर बसली आणि गट खाली निघेपर्यंत पाण्याकडं, ढगाकडं बघत राहिली. देवाशी ती बोलली की नाही, ते तिनं कुणाला सांगितलं नाही. थंडीनं दात वाजत होते. ढग काही हलला नाही.

त्या दिवशीचं ऊन तिला भोवलं. उंचावरचं ऊन ढगांतूनही भाजतं, आणि बराच वेळ हात उघडे राहिले होते. उतरताना हात लाल झाले, परतीच्या गाडीत साल निघू लागली. डॉक्टरीणबाईंनी दिलेलं मलम तिनं स्वतःच चोपडलं. चांदवडची ती सून तिच्याशेजारी येऊन बसली, चटणीचा डबा तिनं मागून घेतला आणि अर्धा संपवला.

ज्ञानेशनं तो व्हिडिओ यात्रा कंपनीच्या सोशल मीडियाच्या पानावर टाकला नाहीच. पण गटाला फोटो पाठवताना सगळ्या फायली एकदम पाठवल्या, त्यात तोही गेला. नवसाबाई मनमाडला उतरली तोवर तो गावात पोचला होता आणि येवल्यालाही.

घरी आल्याच्या दुसऱ्या सकाळी साळूबाईचा फोन आला, पुंजारामच्या मोबाईलवर. तो "हो, हो, नाय तसं नाय" करत अडखळायला लागला तेव्हा नवसाबाईनं फोन हातात घेतला.

"नवस बोलल्या नाही म्हणे तुम्ही?" साळूबाई म्हणाली.

"नाय बोलले."

"मग आमच्या घराची तुम्हाला पर्वा नाही असं समजायचं का? निदान लग्नात तरी कन्यादानाला लताबाईंना बसवा. फोटो निघतात, पाहुणे येतात..."

"माझ्या लेकीचं कन्यादान मीच करणार," नवसाबाई म्हणाली. "ह्याच हातांनी. जमत असंल तर कळवा."

नंतर येवल्याहून काही कळवलं गेलं नाही. नवनाथचा एकदा मेसेज आला, आईची तब्येत बरी नाही, थोडं थांबू या, असा. चैतालीनं त्याला उत्तर दिलं नाही. रजेवर घरी आलेली ती आईवर मात्र चिडली. दोन दिवस जेवली नाही, बोलली नाही. तिसऱ्या दिवशी भांडी घासता घासता फुटली. "एकदा, फक्त एकदा माझ्यासाठी खोटं बोलली असतीस तर काय झालं असतं, आई? नवस बोलले म्हणायचं. कुणी बघायला आलं होतं का तिथं?"

नवसाबाई तिच्यासमोर मोरीशी बसली. "तुझ्यासाठीच नाय बोलले. उद्या तुझ्या अंगावर एक ठिपका उठला, आन् त्या घरात तुला मागच्या शेडमध्ये बसवलं, तर मी तिथं येऊन काय सांगू? की मी बी खोटं बोलून लपवलं होतं?"

"आणि उठलाच नाही तर?"

"नाय उठला तर उत्तम. तरी ते घर तसलंच राहतं."

चैताली रडत राहिली. आईचं म्हणणं तिला त्या दिवशी पटलं नाही, आणि पुढंही सगळं पटलं असं नाही. ती नाशिकला नोकरीवर परत गेली. काही आठवडे फोन बेताचेच होते. दिवाळीत घरी आली तेव्हा तिनं स्वतःच सांगितलं की नवनाथचं लग्न ठरलं. सांगताना तिचा आवाज हलला नाही. "बरंच झालं," एवढंच म्हणून ती चकल्या तळायला बसली. अजून तिचं लग्न झालेलं नाही. स्थळं येतात. येणाऱ्याला ती पहिल्याच भेटीत आईचा मणिमहेशचा व्हिडिओ दाखवते. निम्मे परत येत नाहीत. तिला त्याचं काही वाटत नाही असं नाही, पण दाखवणं ती सोडत नाही.

लताबाई बरेच दिवस बोलत नव्हती. अजूनही जेवढ्यास तेवढंच बोलते.

नवसाबाई बागेत लांब बाह्या घालतेच. सावलीला आली की त्या वर सारते. एका बागाईतदाराच्या बायकोनं विचारलं तेव्हा म्हणाली, "बाह्या उन्हासाठी हायेत, माणसांसाठी नाय." तिच्या टोळीतल्या बायकांनी आता हट्टच धरलाय, पुढच्या वर्षी मणिमहेशला आम्हाला तू ने, ज्ञानेशची गाडी नको. तिकिटं काढायला चैताली तयार आहे. रजा मिळाली तर तीही जाणार म्हणते.

आणि पुंजारामचंही सांगायला हवं. मार्गशीर्षात लासलगावच्या मार्केटात तो लाल कांद्याचा ट्रॅक्टर घेऊन रांगेत उभा होता. लिलाव पुढं सरकत होता, शेतकरी, हमाल, व्यापारी यांची गर्दी. गावातला मल्हारी, जो असल्या विषयांत नेहमी पुढं असतो, चार लोकांदेखत मोठ्यानं म्हणाला, "काय पुंजाराम, बाईनं एवढी यात्रा केली, कोड गेलं का नाय?"

पुंजारामनं तंबाखू मळायची थांबवली. नेहमीसारखं खाली बघितलं नाही. ट्रॅक्टरवरून उतरून तो मल्हारीच्या समोर जाऊन उभा राहिला.

"नाय गेलं," तो म्हणाला. "बाई तेरा हजार फूट पायी चढून आली. तू गडाच्या पायऱ्या तरी चढून दाखव, मग इचार मला काय इचारायचं ते."

आजूबाजूचे हसले. मल्हारी काहीतरी पुटपुटत बाजूला झाला. पुंजारामला इतक्या वर्षांत याची सवय नव्हती. लिलाववाले त्याच्या ट्रॉलीपाशी पोचले होते. तो चढला आणि त्यानं वरची ताडपत्री बाजूला ओढली.